पावफेऱ्याची बोटं

त्यांचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि ते तिथेच राहिलं. तोंडावर आम्ही त्यांना काका म्हणायचो आणि पाठीमागे पावफेरा. स्क्रू आधी बोटांनी फिरवायचा, तो आपणहून थांबला की पेचकसाने फक्त पाव फेरा द्यायचा आणि तिथे हात आवरायचा, हा त्यांचा नेम. कोणी जोर लावताना दिसला की लांबून ओरडायचे, "अरे, अति तिथे माती! पत्रा आहे तो, तुझा वैरी नाही."

आमच्या कारखान्यात जुन्या गाड्या पुन्हा उभ्या करतात. पन्नास-साठ वर्षांपूर्वी कुणाच्या तरी वडिलांनी हौसेने घेतलेल्या आणि मग शेडमध्ये कोंबड्यांना आंदण दिलेल्या गाड्या येतात, आणि दीड-दोन वर्षांनी तोंड बघावं अशा होऊन बाहेर पडतात. मी रंगारी. येणारे-जाणारे माझ्या रंगावरून हात फिरवतात, मला शाबासकी देतात आणि मी ती घेतो. खोटं कशाला बोलू? पण दार, मडगार्ड, चकचकीत पट्ट्या, हे सगळं धरून ठेवणारे शेकडो बारके स्क्रू आणि क्लिपा लावायचे काका. त्यांचं काम नीट झालं तर दिसत नाही. दिसलं म्हणजे बिघडलं.

गाडी उकलायला घेतली की ते पुठ्ठा घेऊन बसायचे. दार काढायचं असेल तर पुठ्ठ्यावर पेन्सिलीने दाराचा आकार काढायचा, आणि दारातला जो स्क्रू जिथून निघाला तिथेच पुठ्ठ्यात टोचून ठेवायचा. डाव्या दाराचा पुठ्ठा वेगळा, उजव्याचा वेगळा. वर्षभराने रंग होऊन दार परत आलं की प्रत्येक स्क्रू आपल्या घरी जायचा. "सगळे सारखेच तर दिसतात," असं मी एकदा म्हणालो होतो. "माणसंही लांबून सारखीच दिसतात," ते म्हणाले आणि पुढे आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. तसे ते एरवीही कमीच बोलायचे.

काकू जाऊन सात वर्षं झाली होती. एकुलती एक मुलगी परदेशी. रविवारी तिचा फोन यायचा, तो अकरा मिनिटं चालायचा. हे आकडे त्यांनीच एकदा सांगितले होते. अख्ख्या कारखान्यात रविवार न आवडणारा माणूस तो एकच. सोमवारी कुलूप उघडायच्या आधी फाटकाशी उभे. गप्पा मारायचे नाहीत, विनोदाला हसायचे नाहीत, डबा माझ्याशेजारी बसून पण भिंतीकडे तोंड करून खायचे. पण शेजारी कोणीतरी ठोकतंय, कोणीतरी शिव्या घालतंय, एवढं त्यांना पुरायचं.

मागच्या वर्षी एक निळी गाडी आली. दाराला मी सात हात रंग दिला, घासला, पुन्हा दिला. काकांनी दार बसवलं, दाराच्या आतल्या बाजूची पाटी स्क्रूंनी लावली. दुसऱ्या दिवशी उन्हात बघतो तर दाराच्या खालच्या कोपऱ्यात, बाहेरून, एक टेंगूळ. तांदळाएवढं. आतून काहीतरी पत्र्याला टोचत होतं.

त्या कोपऱ्यात आतला आणि बाहेरचा पत्रा अगदी जवळ येतात, म्हणून तिथला एकच स्क्रू बाकीच्यांपेक्षा दोन सूत, म्हणजे पाव इंच, आखूड असतो. तिथे लांब स्क्रू गेला की टोक बाहेरच्या पत्र्याला ढकलतं. ही चूक नवशिके करतात. पावफेऱ्याने करावी?

माझा राग नाकावर असतोच. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. सगळ्यांसमोर ओरडलो, "काका, डोळे फुटले का तुमचे? महिना गेला माझा त्या दारात!"

"चूक माझीच. माझ्या हातून पुठ्ठा पडला होता," ते म्हणाले. "स्क्रू विखुरले. बोटांनी चाचपून पुन्हा लावले."

बाई, म्हणजे आमच्या मालकीणबाई, म्हणाल्या, "सव्वीस वर्षांत एक चूक. सोडून द्या." मी सोडलं. पण लक्ष ठेवलं, कारण माझा स्वभावच खवचट.

तेव्हा दिसलं. काका स्क्रू उचलायचे, इकडेतिकडे बघायचे आणि पटकन ओठाला लावायचे. ओठांवर तो फिरवायचे, मग भोकात बसवायचे. दुपारी डबा उघडल्यावर मी विचारलं, "काका, स्क्रू ओठाला कशाला लावता?"

त्यांनी हातातली पोळी डब्यात ठेवली. "बोटांना कळत नाही रे आता. वर्ष होत आलं. टोकं कापसाची झाल्यासारखी वाटतात. आटे सरळ बसतायत की वाकडे, लांब आहे की आखूड, काही समजत नाही. ओठाला अजून समजतं."

"डॉक्टरला दाखवलंत?"

"साखर. गेलं ते परत येत नाही म्हणाले."

"मग बाईंना सांगा."

"सांगितलं तर त्या मला घरी बसवतील. घरी कोण आहे? भिंतींना विचारू, जेवलात का म्हणून?" मग पहिल्यांदाच माझ्याकडे तोंड करून म्हणाले, "तू सांगू नकोस."

"नाही सांगत," मी म्हणालो.

नऊ दिवस नाही सांगितलं. दहाव्या दिवशी मडगार्डच्या धारेने त्यांचा अंगठा कापला आणि त्यांना पत्ताच नाही. रक्त रंगाआधीच्या माझ्या ताज्या अस्तरावर ओघळत होतं आणि ते खाली वाकून शांतपणे क्लिप शोधत होते. मी त्यांचा हात बांधला आणि तसाच बाईंच्या खोलीत गेलो. निम्मा त्यांच्या काळजीने, निम्मा माझ्या रंगाच्या काळजीने. कोणता निम्मा मोठा होता, ते मला आजही सांगता येत नाही.

बाईंनी त्यांना बोलावलं. आवाज अगदी लेकीचा. "काका, पुष्कळ केलंत. आता आराम करा. वाटेल तेव्हा चहाला या, कारखाना तुमचाच आहे."

काकांनी मान डोलावली. कोणी सांगितलं, हे विचारलं नाही. माहीत असलेला माणूस एकच होता. माझ्या समोरून गेले तेव्हा एवढंच म्हणाले, "उजव्या दाराचा पुठ्ठा खिडकीपाशी ठेवलाय. हलवू नका." मला रडू आलं आणि मी ते थिनरच्या वासावर ढकललं.

ते चहाला दोनदा आले. पहिल्यांदा सगळ्यांनी काका काका करून खुर्ची दिली, पण ती नेमकी गाडीच्या वाटेत, म्हणून त्यांना तीनदा उठवावं लागलं. दुसऱ्यांदा कॉम्प्रेसर चालू होता, बोललेलं ऐकू येत नव्हतं. त्यांच्या जागेवरचा नवा फिटर विजेच्या पेचकसाने टर्र-टर्र करत दहा मिनिटांत दार उरकत होता. काका कप तसाच ठेवून उठले. मग आलेच नाहीत. मी रोज म्हणायचो, उद्या जाऊन येऊ. रोज दुसरं काम निघायचं. खरं सांगायचं तर त्यांच्यासमोर उभं राहायला मला तोंड नव्हतं.

शेवटी एका रविवारी गेलो. तिसरा मजला. बेल वाजवल्यावर आतून आवाज आला, "थांबा, थांबा, आलो." पाच मिनिटं लागली. दार उघडलं तर काका एका हाताने छातीवरचा सदरा धरून उभे. पांढराशुभ्र, इस्त्रीचा. दाढी केलेली, केस विंचरलेले. माझ्याकडे बघून रागावले नाहीत. त्यांनी रागवावं म्हणून तर मी गेलो होतो.

"बरं झालं आलास," ते म्हणाले. "जरा ही बटणं लाव. सकाळपासून बसलोय, दोनच लागलीत."

मी लावायला लागलो. त्यांचे हात नुसते खाली लोंबत होते. खोलीत दोन खुर्च्या, दोन्ही दाराकडे तोंड करून. टेबलावर पालथे घातलेले दोन कप. गळ्याचं बटण लावता लावता, काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "एवढी तयारी कुठे निघाली, काका?"

"कुठे नाही रे. रोजच घालतो. कोणी आलं तर बरं दिसावं."

त्यांचा कारखाना सुटल्याला त्या दिवशी तीन महिने झाले होते. त्यांच्याकडे आलेला मी पहिलाच.