तांब्याच्या कड्याचा दयाळ

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता... आजही नाही. मी कोल्हापुरात हायस्कुलात सायन्स शिकवतो. तरीही महाराजांच्या राज्यात प्लेग आला, त्या साली कोडोलीत, माझ्या सासुरवाडीला, आमच्या बाबतीत जे घडलं, ते लिहितोय.

सासऱ्यांच्या आमराईत मी दयाळ पक्षी जाळ्यात धरायचो आणि पायात तांब्याचं बारीक कडं घालून सोडून द्यायचो. प्रत्येक कड्यावर कानशीने वेगळी खूण. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा जाळं लावायचं. त्यातले कोण परत सापडतात यावरून रानात किती पाखरं जगतात याचा अंदाज बांधायचा... एवढाच माझा नाद.

त्यातला एक नर मांजराने मारला. आमची लहानगी चिमी फार रडली. म्हणून माझ्या बायकोने, सगुणाने, तो खणाच्या तुकड्यात बांधला, वर गाठ मारली, आणि मी आंब्याखाली पुरला. कडं पायातच राहिलं.

पावसाळ्यानंतर प्लेग आला. आम्ही शहर सोडून आमराईत झोपडी घालून राहिलो. उपयोग झाला नाही. चिमीच्या काखेत गाठ आली... तिला ओढ्याकाठी पुरलं.

हिवाळ्यात मी जाळं लावलं — दुसरं करण्यासारखं होतं काय? खुणेचं एकही पाखरू मिळेना. सगळी मेली असंच धरून चाललो होतो. मग एका सकाळी एक नर सापडला. पायात कडं. कड्यावर तीन रेघा आणि एक तिरपा ओरखडा — तिथं माझी कानस निसटली होती. हा तर मीच पुरलेला दयाळ... जिवंत!

त्याला पिशवीत ठेवून सगुणाला हाक मारली. आंब्याखाली उकरलं. खणाचा तुकडा होता, गाठही तिच्या हातची, तशीच घट्ट... आत काही नाही. हाड नाही, पीस नाही.

सगुणा खुरपं घेऊन ओढ्याकडं निघाली. मी तिचा हात धरला.

“सोडा की! चिमीबी तिथं नसंल!”

“आणि असली तर, सगुणा?”

“अवं, बघू तरी द्या...”

मी सोडलं नाही. सासऱ्यांनी खुरपं काढून घेतलं. त्या झटापटीत पाखरू पिशवीतून निसटलं. पुन्हा कधी दिसलं नाही.

जाणत्यांना विचारलं. म्हणाले, दोन कडी सारखी झाली असतील. मग ती गाठ? उलगडा आजवर झालेला नाही. आणि सगुणा... तिला वाटतं, चिमी कधीच उठली होती. उकरू न देऊन मीच तिला मातीत कोंडून ठेवलंय.