डाळिंबाच्या फुलांचं अत्तर

घरमालकीणबाईंच्या डाळिंबाची फळ धरणारी सगळी फुलं मी एका सकाळी खुडली आणि उकळली. अत्तर काढायला. एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. बालाघाटच्या एका शाळेत मी रसायनशास्त्र शिकवत होतो, म्हणजे प्रयोगशाळेची किल्ली माझ्याकडे होती. ज्ञान यायचं होतं.

आधी जवळच्या भरवेलीला, मँगनीजच्या खाणीच्या एका साहेबाच्या बंगल्यातली डाळिंबाची फुलं आणून पाहिली होती. भरगच्च पाकळ्यांची, शोभेची. त्या झाडाला फळ धरत नाही. वासही नव्हता. मी ठरवून टाकलं, शोभेच्या झाडाचा सारा जीव रंगात जातो. वास असणार तो फळाच्या झाडाकडे. मालकीणबाईंच्या झाडावर दोन तऱ्हेची फुलं होती, निमुळत्या बुडाची आणि फुगीर बुडाची. वास बुडाशी साठत असावा म्हणून मी फुगीर तेवढी वेचली. निमुळती गळून जातात आणि डाळिंब फुगीर फुलाचंच होतं, हे मला कुणी सांगितलं नाही. मी विचारलंही नव्हतं.

शाळेत दीड तास वाफ धरली. बाटलीत उतरलं पाणी.

परतलो तर मालकीणबाई झाडाखाली उभ्या.

"फुलं काहून तोडली जी मास्तर? दिवाळीत पोरगी पयल्या बाळंतपणाले येते. आतापासून एकच म्हणून राह्यली, घरचं आंबट डाळिंब पायजे."

मी बाटली पुढे केली. त्यांनी हुंगली.

"हे तं भाजी उकडल्याचं पानी हाय."

दिवाळीआधी लेक सासरहून, लांजीहून आली. झाडावर एक डाळिंब नव्हतं. मी भरपाईला बाजारात गेलो आणि आंबट फळाचा वास जास्त हिरवट असतो, या स्वतःच्याच शोधावर विसंबून टोपलीतलं एकेक डाळिंब हुंगत बसलो. न फोडलेल्या डाळिंबाला वास जवळपास नसतोच. फळवाल्याला कीव आली. "मास्टरजी, काटकर दिखा दूँ?" मी नको म्हटलं. शास्त्राचा प्रश्न होता.

लेक ओसरीवर पाय पसरून बसली होती. पहिलं डाळिंब फोडलं, चार दाणे तोंडात टाकले.

"गोड हाय."

दुसरंही गोड. तिसरं मीच घाईनं फोडलं, चाखलं, तेही गोड; दाणे वाटीत काढून लेकीपुढे सरकवले.

"खाऊन घे बाई," मालकीणबाई म्हणाल्या, "मास्तरानं निवडून आणले."

लेकीनं दाण्यांची वाटी बाजूला सारली.

"माय, याहिले शाळेत ठेवलं तरी कोनं?"