थर्मोकोलवरची साखर

तेओपिस्ताला कुणी ‘समजूतदार बाई’ म्हटलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. आमच्या मसाका गावात एखाद्या बाईच्या वाट्याचं काढून घ्यायचं असलं की आधी तिला समजूतदार म्हणायचं, अशी पद्धतच पडून गेली आहे. मी गॉरेटी, तिची शेजारीण. तिच्या भिंतीला भिंत लावून माझं शिवणाचं दुकान आहे. लग्नकार्यात आमच्या बायका अंगात घालतात तो पायघोळ गोमेसी मी शिवते. तिच्या शेगडीचा धूर माझ्या कापडांना लागून लागून मी म्हातारी झाले, तेव्हा तिच्याबद्दल चार शब्द बोलायचा हक्क माझा आहे, तिच्या दिराचा नाही.

तेओपिस्ता केक करते, पण लोक तिला ओळखतात ते केकवरच्या आयसिंगमुळे. त्यात काही मोठी विद्या नाही, असं ती स्वतःच म्हणते. पिठीसाखर, लिंबाचा रस आणि जेमतेम पाणी. लहानपणी ती मिशनच्या सिस्टरांच्या स्वयंपाकघरात राबायची, तिथे शिकली. पुढे देशात साखरेचाच दुष्काळ पडला, पिठीसाखर तर दिसेनाशीच झाली, तेव्हा शेंगदाणे कुटायच्या उखळात ती जाडी साखर कुटायची आणि मलमलच्या फडक्यातून गाळायची. आता दुकानात पाकीट मिळतं, तरी ती दोनदा चाळते. रस घालते तो थेंबाथेंबाने. मग चमचा उचलून धार सोडते. ती धार भांड्यात क्षणभर दिसत राहिली पाहिजे आणि मग विरून गेली पाहिजे. आणि केक पुरता गार झाल्याशिवाय आयसिंग त्याच्या जवळपासही न्यायचं नाही. गरम केकवर ओतलं की सगळं ओघळून ताटलीत जमा होतं. या बाबतीत ती कुणाचं ऐकत नाही. गिऱ्हाईक दारात गाडी सुरू ठेवून उभं असलं तरी म्हणते, “घाई आहे तर नुसता पाव घेऊन जा.”

नवरा गेला तेव्हा तिची मुलगी रेस्ती अजून पाठीला बांधायच्या वयाची होती. दीर, म्हणजे मुबिरू, अंत्यविधीला भरभरून बोलला आणि त्यानंतर पोरीच्या लग्नापर्यंत फारसा दिसला नाही. तेओपिस्ताने शाळेच्या फाटकावर बिस्किटं विकली. पांढरं आयसिंग लावलेली, ज्याच्या त्याच्या नावाचं पहिलं अक्षर काढलेली. पोरं आपापलं अक्षर शोधायला तुटून पडायची. मग बाप्तिस्म्याचे केक आले, मग लग्नाचे. रेस्ती त्यावर शिकली, कंपालाला जाऊन नोकरीला लागली, आणि म्बराराकडच्या चांगल्या घरातला मुलगा घेऊन आली.

आमच्याकडे लग्न म्हटलं की वर्गणी आणि खर्च बघणारी कमिटी आलीच, आणि कमिटी म्हटली की अध्यक्ष. मुबिरू अध्यक्ष झाला. कुणी केलं ते विचारू नका. दर रविवारी त्याच्या अंगणात फणसाखाली खुर्च्या मांडल्या जायच्या आणि हा उभा राहून भाषण ठोकायचा. तिसऱ्या की चौथ्या बैठकीत केकचा विषय निघाला, तसे सगळे तेओपिस्ताकडे वळून बघायला लागले. ती जरा सावरून बसली.

“वहिनी,” मुबिरू म्हणाला, “तुम्ही आईच्या खुर्चीत बसायचं. पिठाचे हात घेऊन व्याह्यांसमोर येणार का?”

“हात धुता येतात, भाऊजी.”

“तसं नाही हो. तुमचं ते साधं आयसिंग शाळेच्या फाटकावर ठीक आहे. इथे मोठी माणसं येणार. सात केक, खांबांवर चढवलेले, मधे कारंजं, वर दिवे. केक कंपालाहून येतील.”

“मग आई पण कंपालाहूनच मागवा की,” मी म्हणाले. लोक हसले. तेओपिस्ताने खुर्चीखालून मला असा चिमटा काढला की दोन दिवस डाग राहिला.

घरी जाताना मी तिला फैलावर घेतलं. ती म्हणाली, “जाऊ दे. मला केक करायला मिळाला नाही तर नाही. पण माझा केक मला मिळणारच ना.”

हा ‘माझा केक’ म्हणजे काय ते आमच्यातल्या प्रत्येक बाईला कळतं. लग्नात मोठा केक कापून झाला की नवरी बाकीचे एकेक उचलून नेते, गुडघ्यांवर बसते आणि देते. एक सासू-सासऱ्यांना, एक फादरना, आणि एक आपल्या आईला. एवढं वाढवलंत, त्याबद्दल. आई तो घरी नेते, शेजारीपाजारी वाटते, आणि महिनाभर त्याच्याबद्दल बोलते. माझ्या मुलीने दिलेल्याचा शेवटचा तुकडा मी इतका जपून ठेवला की उंदरांनी खाल्ला. तेओपिस्ताने जन्मभर दुसऱ्यांच्या आयांसाठी हा केक केला होता. एकदा आपल्याही हातात तो पडावा, एवढं एकच मागणं तिने माझ्यापाशी बोलून दाखवलेलं, आणि ती काही बोलून दाखवणारी बाई नव्हे.

लग्नाच्या दिवशी मी शिवलेला जांभळा गोमेसी घालून ती आईच्या खुर्चीत बसली. मी शेजारी. समोर केकचं ते कारंजं खळखळ करत होतं, दिवे लुकलुकत होते, आणि माईकवाला आपल्याच विनोदांना हसत होता. सासू-सासऱ्यांचा केक देऊन झाला. फादरांचा झाला. मग रेस्ती गुलाबी फुलांचा एक केक घेऊन आली, आईसमोर गुडघ्यांवर बसली आणि तिने हात वर केले.

तेओपिस्ताने केक घेतला आणि तिचे हात उडाले. भरलेली समजून रिकामी बादली उचलली की उडतात तसे. क्षणभरच. लगेच तिने खांदे पाडले, कोपरं पोटाशी दाबली, आणि केक मांडीकडे असा उतरवला की बघणाऱ्याला वाटावं, दळणाचा डबा आहे.

“बघा बघा,” माईकवाला ओरडला, “आईला पेलवतसुद्धा नाहीये!” सगळ्या हॉलने टाळ्या वाजवल्या.

“काय झालं गं?” मी कुजबुजले.

“थर्मोकोल आहे,” ती दात न उघडता म्हणाली. “हस.”

माझं डोकंच फिरलं. मी उठणार, तो तिने माझ्या मनगटात नखं रुतवली. “तिची सासू बघतेय. आज बोललीस तर पोरीला ते जन्मभर ऐकवतील. हस म्हणते ना.” मी हसले. आयुष्यात इतकं घाणेरडं मी कधी हसले नसेन. पलीकडे मुबिरू नवा कोट घालून फोटोवाल्याला जागा दाखवत होता.

तिने तो केक मांडीवर घेऊनच घर गाठलं, कारण मुलाकडची माणसं त्याच गाडीत होती. सोमवारी भाड्याने केक देणारी बाई कंपालाहून थर्मोकोल परत न्यायला आली. बिचारीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिने आपल्या तोंडाने सांगितलं, सातांतले तीनच खरे मागवले होते, कापायचा, सासरचा आणि फादरांचा. बाकी नुसती साखर चोपडलेले, शोभेचे. आईचा खरा नको का, असं तिने विचारलंही होतं, तर अध्यक्ष म्हणाले होते, “आई घरचीच आहे. समजूतदार आहे.”

तेओपिस्ताने थर्मोकोल पुसून परत दिला. त्या दिवसापासून शेगडी पेटली नाही. बाप्तिस्म्याची मागणी घेऊन आलेल्यांना तिने दुसरीकडे पाठवलं. मी मुबिरूच्या नावाने बोटं मोडत होते, पण तिला मुबिरूचं काही वाटत नव्हतं. तिला एकच गोष्ट खात होती.

“टेबलावरून रेस्तीने उचलला ना तो,” ती म्हणाली. “उचलला तेव्हा तिला कळलं, की आधीपासून माहीत होतं?”

“आधी माहीत असतं तर ती—”

“ते तू नको सांगूस. मी तिलाच विचारीन.”

पंधरवड्याने नवं जोडपं पहिल्या भेटीला आलं. रीतीप्रमाणे साखर, साबण आणि मटण घेऊन. मुबिरूही आला, बोलावलं नसताना. जावयाला बाहेर खुर्ची दिली, चहा दिला, आणि तेओपिस्ता लेकीला म्हणाली, “आत ये.” मला कुणी बोलावलं नव्हतं. मी गेले.

“तो केक,” तेओपिस्ता म्हणाली. “कधी कळलं तुला?”

रेस्ती शेगडीकडे बघत राहिली. “काकांनी आधीच सांगितलं होतं. आणखी एक खरा घेतला तर सासरचा लहान करावा लागेल, म्हणाले. आई समजून घेईल, म्हणाले.”

“आणि तू काय म्हणालीस?”

“मी म्हटलं, हो. घेईल.”

मला वाटलं होतं, तेओपिस्ता रडेल. पण तिच्या कपाळावरची शीर टरारून फुगली.

“घेतलं की समजून,” ती म्हणाली. “भरल्या हॉलमध्ये थर्मोकोल पेलून दाखवला तुझ्यासाठी. माझं झालं. आता तुझं राहिलंय. केक कर.”

“आत्ता? आई, बाहेर सगळे बसलेत.”

“बसू देत. मी जन्मभर उभी होते.”

रेस्तीने बाह्या वर केल्या. मोठ्या पातेल्यात वाळू घातली, झाकणावर निखारे रचले, हातांनी पीठ फेसलं, कारण यंत्र कुठे आहे ते आई सांगेना. मुबिरू दारात येऊन खाकरला. “वहिनी, मुलांना लांब जायचंय. काय चाललंय इथे?”

“तुमच्या कमिटीत ठरलं नव्हतं ते,” तेओपिस्ता म्हणाली. “चहा घ्या, भाऊजी.”

“आणि जावयाने विचारलं,” मी म्हणाले, “तर बोलवा मला. मी सगळं पहिल्यापासून सांगेन.” त्यानंतर तो दारात दिसला नाही.

केक शेगडीवरून उतरला. आम्ही आणलेली साखर वापरू का, असं रेस्तीने विचारलं. मग स्वतःच ती बाजूला ठेवली. तिने डब्यातली पिठीसाखर घेतली, एकदाच चाळली, लिंबू आख्खं पिळलं. तेओपिस्ता हाताची घडी घालून बघत होती. तिच्या डोळ्यांदेखत कुणी असं आयसिंग करावं आणि तिने चमचा हिसकावून घेऊ नये, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. केक अजून वाफाळत होता. रेस्तीला उजेडात निघायची घाई, नवऱ्याची घाई. तिने ओतलं. आयसिंग मधे थोडं थांबलं, मग चारही बाजूंनी सुटलं आणि ताटलीच्या काठावरून खाली टपकायला लागलं. रेस्तीने ते बोटांनी वर लोटायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

मग तिने फडक्याने ताटली धरली आणि स्वयंपाकघराच्या जमिनीवर, राखेत, भेटीच्या नव्या गोमेसीतच गुडघ्यांवर बसली. हात वर केले.

तेओपिस्ताने घेतला नाही.

बाहेर मुबिरूच्या हसण्याचा आवाज येत होता. रेस्तीच्या दंडावर पाक ओघळत होता. गरम ताटलीचे चटके फडक्यातून लागत असणार, कारण ती एका हातावरून दुसऱ्या हातावर भार टाकत होती. तिची कोपरं खाली यायला लागली, तशी तिने ती पुन्हा वर उचलली. इतका वेळ माझा राग पोरीवर होता, तो फिरून तेओपिस्तावर गेला. घे ना आता, मी मनात म्हणत होते, बाई आहेस की दगड. तेओपिस्ता लेकीच्या हातांकडे बघत उभीच होती.

“आई,” रेस्ती शेवटी म्हणाली, “जड आहे गं.”

“असतो,” तेओपिस्ता म्हणाली, आणि मग तिने हात पुढे केले.