दोराचं दुसरं टोक

आमचे मालक पुष्कळ वर्षं आमदार होते. लाल झेंड्याचे. मधे एकदा पडले, पुन्हा निवडून आले. मंत्री कधी झाले नाहीत, कारण त्यांचा पक्ष कायम विरोधातच. मुंबईला अधिवेशनात जायचं, दुष्काळी कामावरच्या बायांना गड्यांइतकी मजुरी द्या म्हणून ओरडायचं आणि घसा बसवून घरी यायचं, हा त्यांचा उद्योग. मी गुळण्यांना मीठ-पाणी करून द्यायची. संसार माझ्या शेळ्यांवर चालला. भाषणात हे ते कधी बोलले नाहीत. घरात मात्र कबूल करायचे, तेवढं मला पुरे.

त्यांचं गाव कुंडलकडचं, पाण्याचं. तरुणपणी इंग्रजांच्या राज्यात चोरून निरोप पोचवायचे, त्यात तुरुंगही झाला. पुढं पक्षानं आमच्या कोरड्या भागात कामाला पाठवलं, ते इथलेच झाले. माझं माहेर मेंढरांमागं फिरणारं, शाळा चौथीपर्यंत. आमच्या लग्नाला दोन्हीकडचे रुसले. जेवायला आले.

आमदारांचं ऑफिस असतं, ह्यांचं नव्हतं. आठवडी बाजारात एक दोरवाला बसायचा, त्याच्या पोत्यावर हे बसायचे. लोक तक्रारी घेऊन यायचे आणि पाया पडायचे. ते ह्यांना खपत नसे. म्हणून ह्यांनी एक रीत काढली. घायपाताच्या पानांचा वाख, म्हणजे धागे, घेऊन जनावरं बांधायचं दावं वळायला बसायचं. दावं एकट्यानं वळत नाही. समोर कुणीतरी टोक ताणून धरावं लागतं, नाहीतर पीळ उलगडतो. तक्रारवाल्यानं टोक धरायचं आणि बोलायचं. दोन्ही हात गुंतले की पाया कोण पडणार? तक्रार लांबली की दावंही लांबायचं. तालुक्यातली निम्मी बैलं आमदारांच्या दाव्याला बांधलीत, असं लोक हसून म्हणायचे.

पंच्याण्णवच्या निवडणुकीला पक्षानं ह्यांना थांबायला सांगितलं. वय झालं, आता तरुण वकिलाला तिकीट. पक्षाचं काही चुकलं नव्हतं, ह्यांचे गुडघे मीच चोळत होते. पण लागोपाठ दोन बाजार हे घरातून हलले नाहीत. पडायची ह्यांना कधी भीती नव्हती. भीती एकच होती, आमदारकी गेल्यावर दोराचं दुसरं टोक कोण धरणार?

कार्यकर्ते मात्र रोज यायचे. म्हणायचे, "दादा, अपक्ष उभं ऱ्हावा. सगळा भाग तुमच्या मागं हाय."

अर्ज भरायचा शेवटचा दिवस नेमका बाजाराचा निघाला. सकाळी भाकरी खाता खाता ह्यांनी मला विचारलं, "उभा राहू का गं?"

"ऱ्हावा की. मतं फुटतील, तुमी पडाल, वकील पडंल आन् कारखान्यावाला निवडून यील. त्यो चालतोय का तुमाला?"

"तू नक्की कुणाच्या बाजूची?"

"शेळ्यांच्या."

तेवढ्यात दोरवाला स्वतःच दारात आला. "वाख भिजवून ठिवलाय आमदार. कुजू द्यू का?"

हे उठले. मलाही एक बोकड विकायचा होता. तिघं मिळून गेलो. बोकड सगळ्यांच्या पुढं.

हे पोत्यावर बसले, वाख घेतला. बराच वेळ कोणी आलं नाही. लोक लांबून बघायचे आणि पुढं जायचे. हे मान खाली घालून नुसता वाख सारखा करत होते. मी बोकडाचं गिऱ्हाईक सोडून तिकडंच बघत होते. मग एक म्हातारी आली. सुनेनं घराबाहेर काढलेली, निराधाराची पेन्शन अडकलेली. तिनं टोपली खाली ठेवली आणि टोकासाठी हात पुढं केला.

हे म्हणाले, "बाई, आता मला तिकीट न्हाई. नव्या माणसाकडं जा."

"आवं, त्याला दावं वळता येतंय व्हय?"

"मी आमदार नसणार आता."

"मग मोकळंच हायसा की! धरा."

तिनं टोक ओढलं आणि सुनेपासून सुरुवात केली. तिच्या मागं आणखी दोघं येऊन उभे राहिले.

दुपारी जीप आली. त्यातून कार्यकर्ते उतरले. "दादा, चला. तीनला अर्ज घ्यायचं बंद हुतंय."

"हातात दावं हाय," हे म्हणाले.

"आवं दादा, दावं काय पळून जातंय?"

"पीळ सुटंल."

म्हातारी त्या पोरांवर खेकसली, "माझं अजून तलाठ्याचं ऱ्हायलंय. बसा गुमान!"

दोरवाला हाताशीच बसला होता. त्याच्याकडं दावं देऊन उठता आलं असतं. हे उठले नाहीत. तलाठ्याचं झालं, मग तिच्या थोरल्या भावाचं झालं, मग त्याच्या घरावरच्या गळक्या कौलाचं झालं. कार्यकर्त्यांनी घड्याळं बघितली, तंबाखू मळली, शेवटी पोत्यावरच बसले. तीन वाजून गेल्यावर त्यांतल्या एकानं मागं उभ्या असलेल्याला विचारलं, "तुमचं काय काम हाय, मामा?" जीप रिकामीच परत गेली.

म्हातारीचं दावं एवढं लांब झालं की दोरवाल्यानं कापून त्याची दोन केली. एक मी शेळीला घेतलं. बोकडालाही बरा भाव आला.

घरी येताना हे म्हणाले, "उद्या तहसीलला जाऊन येतो. त्या बाईचं बघायला पायजे."

"जावा. येताना मीठ आणा, संपलंय."

"आता घसा बसणार न्हाई माझा."

"माहीत हाय. कालवणात काय घालू?"