स्वयंपाकघरातून गेलेली सीमा

ऑफिसात तिला सगळे टाचणीबाई म्हणत. काम तसंच होतं. बुडालेल्या राज्यांचे हातानं काढलेले नकाशे स्कॅन करायचे, त्यातला पूल, विहीर, टेकडीचं टोक आजच्या उपग्रहचित्रावर शोधायचं आणि संगणकावर तिथे खूण टाचायची. पुरेशा खुणा टाचल्या की कधीच पुसून गेलेली सीमा आजच्या शेतांवर येऊन बसते. डोळ्यांत तेल घालून करायचं काम. एक खूण चुकली की अख्खं राज्य तिरकं.

यंदा नेमका वडिलांच्या गावाचा नकाशा तिच्या वाट्याला आला. वडील जन्मभर सांगत आले होते, की दोन राज्यांची सीमा आमच्या घरातून जायची. ओसरी या राज्यात, स्वयंपाकघर त्या राज्यात. भाऊबंद तोंडावर हसत. आता वडील अंथरुणाला खिळले होते आणि ती घरी आली की एकच विचारत, "निघाली का गं रेघ?"

रेघ निघाली, पण घरापासून तीन शेतं पलीकडे.

बाईचा जीव तुटला. आजवर कधी केलं नव्हतं ते तिनं केलं: पुलाची खूण उचलून जराशी सरकवली. रेघ सुतासारखी सरळ घरात शिरली. पण एक झाकावं तर दुसरं उघडं! पूल नदी सोडून मक्याच्या शेतात जाऊन उभा राहिला. तिला आधी हसू आलं, मग रडू. खूण तिनं मुकाट्यानं जागेवर नेऊन ठेवली.

घरी येऊन ती वडिलांच्या उशाशी बसली. "बाबा, रेघ आपल्या घरातून जात नाही."

"ठाऊक आहे मला."

"मग इतकी वर्षं सांगत होतात ते?"

"तुझी आई पलीकडच्या राज्यातली. लग्न होऊन आली तेव्हा अन्नाला शिवेना, नुसती रडायची. मग मीच थाप मारली. म्हटलं, अगं वेडे, स्वयंपाकघर तुमच्याच राज्यात आहे, तू माहेर सोडलंस कुठे? त्या दिवशी पोटभर जेवली."

"आणि मला रोज कशाला विचारत होतात?"



"तुझी आई जाईपर्यंत तिला खरं सांगायचा धीर झाला नाही मला. वाटलं, चुकून रेघ घरातूनच निघाली, तर तिच्याशी बोललेलं तेवढं एक खोटं खरं होईल."