आकाराम ड्रेसरच्या चौदा खाटा

आकाराम मूळचा रहिमतपूरचा. फौजेत जाण्याआधी सहा वर्षं त्यानं सांगलीजवळ हळदीच्या पेवांवर हमाली केली. जमिनीत खोल खणलेल्या त्या पेवांत हळद साठवत. एखाद्या पेवातली हळद खराब निघाली, की मुकादम आधी विचारायचा, "ह्यात कोण उतरलं हुतं, आन् त्याआधी कुठं उतरलं हुतं?" ही खोड आकारामला जन्माची लागली. पाहुणा म्हणून जेवायला बसला तरी भाकरी कुणाच्या जात्यावरची, हे विचारल्याशिवाय याचा घास उतरत नसे.

१९४८ साली तो साताऱ्याकडच्या एका तात्पुरत्या लष्करी इस्पितळात ड्रेसर होता. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या. पेनिसिलिन नवंच होतं. सुया टोचल्या की चार दिवसांत पू आटायचा. पण त्या वर्षी काही जखमा हटूनच बसल्या. त्या जखमींत पाटणकडचा लालासाहेब होता, बावीस वर्षांचा, नडगीत गोळी लागलेला. आठवड्यात उतार पडला नाही तर पाय काढावा लागेल, असं कॅप्टन डॉक्टरांनी सांगितलं.

"आकारामदादा, आमचं रान समदं डोंगरात हाय," लालासाहेब म्हणाला. "एका पायानं मी तितं काय करू?"

डॉक्टरांनी जखमांतला पू काचेच्या ताटल्यांत वाढवून पाहिला होता. चौदा खाटांवर एकच जंतू, आणि पेनिसिलिनला तो भीक घालत नव्हता. येतो कुठून, ते मात्र कळेना.

"सायेब," आकाराम म्हणाला, "ह्या खाटांपाशी कोण कोण गेलं, ते बगू या की."

तो वही घेऊन हिंडू लागला. सुई कुणी दिली, पाणी कुणी आणलं, चादर कुणी बदलली, सगळं खाटेगणिक लिहायचा. झाडलोट करणारी धोंडुबाई वैतागली, "आवं, मी काय चोर हाय व्हय?" तरी याचं विचारणं थांबेना. खरं सांगायचं तर त्याला त्यात गोडीच लागली होती.

तिसऱ्या दिवशी त्यानं ताळा जमवला. सुईवाले दोघे, पाणीवाले चौघे, पट्टीवाले आणखी दोघे, पण प्रत्येकजण काही खाटांपुरताच. चौदाही खाटांवर गेलेला माणूस मात्र एकच, आकाराम स्वतः. आपलंच चुकलं असेल म्हणून त्यानं पुन्हा सगळं तपासलं. चुकलं नव्हतं. पान फाडलं असतं तर कुणाला कळणार होतं? पण तो वही घेऊन डॉक्टरांकडे गेला.

डॉक्टरांनी त्याच्या नाकात कापसाची काडी फिरवली. दोन दिवसांनी ताटलीत तोच जंतू उगवला. आकारामला त्याचा काही त्रास नव्हता. जंतू नुसता नाकात ठाण मांडून होता. पुवाचा वास सोसवत नाही म्हणून आकाराम दर पट्टीआधी चिमूटभर तपकीर ओढायचा, आणि त्याच बोटांनी जखम उघडायचा. हात धुवायचा तो सकाळी, एकदाच.

त्याला वॉर्डातून काढून कोठारात बसवलं. पंधराव्या खाटेपर्यंत तो जंतू पोचला नाही. लालासाहेबाचा पाय मात्र शुक्रवारी कापला.

आकाराम परवानगी काढून त्याच्यापाशी गेला. "तुजा पाय माज्या हातानं गेला, गड्या," म्हणाला, आणि सगळं सांगून रडला.

"दुसरे पट्टी वढून काडायचे," लालासाहेब म्हणाला. "तुमी लय हळू सोडायचा, दादा. म्हणून खाटंखाटंवरच्या समद्यांना मीच सांगायचो, आकारामदादाला बोलवा."