मालगुजाराचा मासा

मी विसरणाऱ्यातली नाही, हे आधीच सांगते.

आमच्या गावचा तलाव उन्हाळ्यात आटला, की सगळं गाव जाळी घेऊन चिखलात उतरायचं. ज्याला सापडेल त्याचा मासा. फक्त सगळ्यात मोठा जायचा मालगुजाराच्या घरी. मालगुजारी कायद्यानं कधीच गेली होती, पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. मी लहान होते, त्या वर्षी माय बाळंत झाली होती. बानं तिच्यासाठी हातभर मरळ धरली, तर पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, छत्रीखाली बसलेल्या मालगुजारानं नुसतं बोट केलं. मरळ पोचवायला बानं मलाच पाठवलं. परत आले तेव्हा माय अंबाडीच्या भाजीसोबत भात खात होती. तिनं भात संपवला, ताट धुतलं. मी मात्र डूख धरला.

पुढं डी.एड.ला असताना शब्दकोशात 'मालगुजार' हा शब्द शोधला. फारसी निघाला. माल म्हणजे शेतसारा, गुजार म्हणजे भरणारा. गावाकडून सारा गोळा करायचा अन् सरकारात भरायचा, एवढंच याचं काम. आणि आम्ही समजत होतो, गाव, तलाव, मासे, सगळ्याचा हाच धनी! अंगाची लाही लाही झाली. तो अर्थ मी जपून ठेवला.

औंदा वेळ आली. मालगुजाराचा नातू पाळीवर गाडीत बसून होता. बाच्या जाळ्यात मरळ आली, अन् म्हातारा सवयीनं ती घेऊन पाळीकडे वळला. मी त्याच्या हातून ती काढून घेतली. आमचा मान काऊन रोखला म्हणून नातवानं विचारलं. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी त्याला शब्दाचा अर्थ सांगितला.

"तुमचे आजोबा सारा सरकारले पोचवत होते, भाऊ. हा मासा तुम्ही पुढं कोणाले पोचवता?"

आधी एक बाई हसली, मग अख्खा तलाव. नातवानं गाडीची काच वर केली. खोटं कशाला बोलू, मला फार गोड वाटलं. बा मात्र मान खाली घालून जाळं धूत राहिला.

संध्याकाळी मी मरळ रांधली. मायच्या ताटात मधला तुकडा वाढला, काटे काढून दिले. निघालं उट्टं एकदाचं, असं मनाशी घोळवत तिच्यासमोर बसले. तिनं सावकाश खाल्लं, हात धुतला.

"चांगली हाय," माय म्हणाली. "पण तवाची मोठी होती."